न केलेल्याचा हिशेब

मराठीत 'सेवा' हा शब्द फार मोकळेपणाने वावरतो. देवपूजा ही सेवा, रुग्णाची शुश्रूषा ही सेवा, सरकारी नोकरी हीही सेवा. आणि कीर्तनकार आपल्या कीर्तनालाही सेवाच म्हणतो. ख्रिस्ती घरांत या शब्दाला आणखी एक अर्थ येऊन मिळाला आहे. धर्मोपदेशकाचे काम म्हणजे 'प्रभूची सेवा'. मंडळीतल्या एखाद्या वृद्धाच्या अंत्यविधीच्या वेळी 'ते चाळीस वर्षे प्रभूच्या सेवेत होते' असे सांगितले जाते, ऐकणारे मान डोलावतात आणि पुढचे गीत सुरू होते. ती चाळीस वर्षे खरोखर कोणाच्या सेवेत गेली, असे त्या वेळी विचारणे अर्थातच असभ्यपणाचे ठरेल. गेलेल्या माणसाबद्दल तो प्रश्न विचारण्याचा अधिकारही कोणाला नाही. परंतु जिवंत माणसाने तो स्वतःला विचारावयास हवा, आणि वेळ हाताशी आहे तोवरच विचारावयास हवा. आपण रोज जे करतो त्याला देवाची सेवा म्हणता येईल काय, आणि ते कशावरून ओळखावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आम्ही ख्रिस्ती जीवनाच्या अनुषंगाने मांडणार आहोत. गोवा आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणच्या वाचकांना ते जीवन परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत चाळीस वर्षे राहिला आणि मराठी ओवीत त्याने रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावातच जन्मले. तेव्हा ख्रिस्ती मनाने स्वतःशी केलेला विचार मराठीत फार पूर्वीपासून नांदत आहे. वाचक कोणत्याही श्रद्धेचा असो, पुढील विवेचनातली मूळ अडचण त्याला आपल्या घरातही ओळखीची वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. हिब्रू भाषेत 'अवोदा' या एकाच शब्दाने शेतातले कष्ट आणि मंदिरातली उपासना या दोहोंचा बोध होतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मात्र दोन शब्द वेगळे पडले आहेत. 'लात्रेइया' म्हणजे देवाला वाहिलेली उपासना. 'दियाकोनिया' म्हणजे मुळात पंगतीत वाढणे, कोणाच्या पानात काय कमी आहे तिकडे लक्ष ठेवणे. आपला 'सेवा' हा शब्द हिब्रूसारखा आहे; दोन्ही अर्थ तो एकाच पोटात बाळगतो. ही त्याची श्रीमंती खरी, पण तिच्यातूनच एक सोयही निर्माण होते. पहिल्या अर्थाची सेवा पार पडली की दुसऱ्या अर्थाचीही झाली असे मन परस्पर मांडून टाकते. रविवारी सकाळी उपासनेहून परतलेल्या माणसाला आपण देवाची सेवा करून आलो असे वाटते, आणि ते खोटेही नसते. मात्र त्या वाटण्याच्या आधारावर तो उरलेला आठवडा निश्चिंतपणे काढू लागला, तर शब्दाने त्याला फसवले असे म्हणावे लागेल.

या सोयीवर पवित्र शास्त्राने फार पूर्वी बोट ठेवले आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला आमोस हा संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांबद्दल बोलतो, ते शब्बाथ मोडणारे नव्हते. ते तो नेमाने पाळत होते. फक्त तो पाळत असताना त्यांचे चित्त, हा दिवस केव्हा सरतो आणि दुकान केव्हा उघडते, याकडे लागलेले असे. माप लहान करावे, वजन जड करावे आणि गव्हाबरोबर भुसकटही विकावे, असे त्यांचे बेत चालत. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपास करणारे लोक देवापाशी तक्रार करतात की आम्ही उपास करतो तरी तू लक्ष देत नाहीस. त्यांना मिळणारे उत्तर असे, की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. नव्या करारात याकोबाचे पत्र आणखी पुढे जाऊन म्हणते की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. या तिन्ही ठिकाणी उपासनेत काही उणे नाही. उणे आहे ते बाजारात, शेतात आणि मजुराच्या हातावर ठेवलेल्या पैशांत. देवाची सेवा किती केली याचे मोजमाप उपासनेच्या पटावरून करता येत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

येथे कोणी म्हणेल की बाह्य आचार बाजूला ठेवू. अंतःकरण शुद्ध असले आणि हेतू प्रामाणिक असला की झाले. या उत्तराचे आकर्षण मोठे आहे, पण तेही पुरे पडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना सावध करताना सांगतो की तुम्हांला मारणाऱ्यांना आपण देवाचीच सेवा करत आहोत असे वाटेल, असा काळ येत आहे. मूळ ग्रीकमध्ये या जागी 'लात्रेइया' हाच शब्द आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गोव्याच्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागणार नाही. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत ते चालू राहिले. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करावी, घरातल्या जुन्या रीतीबद्दल जाब द्यावा लागावा, भीतीने माणसांनी गाव सोडावे, हे सारे त्याच्या छायेत घडले. त्या न्यायासनावर बसणारे सगळेच ढोंगी होते असे मानणे आपल्याला सोयीचे वाटेल. परंतु त्यांतले कित्येक जण पूर्ण प्रामाणिक असावेत, प्रार्थना करून कामाला बसत असावेत, हीच अधिक भयंकर शक्यता आहे. प्रामाणिकपणा हा सेवेला आवश्यक आहे. तो सेवेचा पुरावा मात्र होऊ शकत नाही. आपल्या हेतूची ग्वाही आपणच देत असू, तर त्या साक्षीचे मोल किती?

मग उरतो आत्मपरीक्षणाचा मार्ग. ख्रिस्ती परंपरेत त्याची एक काटेकोर पद्धत आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या, १५४८ साली छापल्या गेलेल्या साधना-पुस्तिकेत ती दिली आहे. आधी मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानावेत, मग स्वतःला नीट पाहता यावे म्हणून त्याची कृपा मागावी, त्यानंतर दिवसाचा तासातासाने आढावा घ्यावा, क्षमा मागावी आणि सुधारणेचा निश्चय करावा, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. एखादा विशिष्ट दोष काढून टाकायचा असेल तर त्याकरिता कागदावर आठवड्याच्या सात दिवसांच्या ओळी आखून, जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके द्यायचे. पुस्तिकेतल्या नमुन्यात या ओळी दिवसागणिक आखूड होत गेलेल्या दिसतात; दोषही तसा घटत जावा ही अपेक्षा. फादर स्टीफन्स याच संघाचे होते. तेव्हा ओव्या रचणाऱ्या त्या माणसालाही साष्टीत दुपारी आणि रात्री असा दिवसाचा हिशेब मांडण्याची शिकवण मिळालेली होती, हे ध्यानी घ्यावे.

ही शिस्त मोलाची आहे यात शंका नाही. व्यापारी रोजकीर्द लिहितो, शेतकरी रोज गोठ्यात डोकावतो. आत्म्याच्या बाबतीतच माणसाने अंदाजावर का चालावे? तरीही या मार्गाला एक धोका आहे आणि तो येशूनेच एका दाखल्यात दाखवला आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात, एक परूशी आणि एक जकातदार. परूशाच्या प्रार्थनेला आपण गर्वाचा नमुना म्हणून बाजूला सारतो. पण बारकाईने पाहिले तर तिचे स्वरूप आत्मपरीक्षणाचेच आहे. मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, अन्याय करीत नाही, असा तो हिशेब मांडतो. दाखल्यात कोठेही हा हिशेब खोटा असल्याचे सांगितलेले नाही. आकडे बरोबर आहेत, बेरीजही बरोबर आहे, आणि तरीही तो माणूस घरी जातो तो नीतिमान न ठरता. याचे कारण काय असावे? आम्हांला वाटते ते असे, की त्याच्या वहीत फक्त केलेल्या गोष्टींची पाने होती. न केलेल्या गोष्टींसाठी त्याने पानच ठेवले नव्हते. शेजारी उभा असलेला जकातदार त्याला दिसला, तो केवळ तुलनेपुरता.

येथे आपण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे येतो. शेवटच्या न्यायाचे ते चित्र सर्वपरिचित आहे. राजा एका बाजूच्या लोकांना म्हणतो की मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, आणि तुम्ही माझ्याकडे आलात. दुसऱ्या बाजूच्यांना तो म्हणतो की तुम्ही आला नाहीत. या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ होतात. पण त्यातल्या दोन गोष्टींवर पुरेसा विचार होत नाही असे आम्हांला वाटते. पहिली ही, की दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चकित होतात. आम्ही तुला केव्हा पाहिले, असे सेवा करणारेही विचारतात आणि न करणारेही. ज्यांनी खरोखर देवाची सेवा केली त्यांना ती केल्याचे ठाऊकच नव्हते. त्यांच्या मते त्यांनी एका भुकेल्याला जेवू घातले होते आणि गोष्ट तेथेच संपली होती. दुसरी गोष्ट अशी, की डावीकडच्यांवर एकही दुष्कृत्य केल्याचा आरोप ठेवलेला नाही. चोरी नाही, खून नाही, खोटी साक्ष नाही. जे केले नाही, तेवढ्यावरच त्यांचा निवाडा होतो.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर आमच्या प्रश्नाला वेगळेच वळण मिळते. आपण खरोखर देवाची सेवा करीत आहोत काय, हे आत पाहून ठरवण्याची धडपड बहुधा व्यर्थ आहे. कारण खऱ्या सेवेला स्वतःची ओळख नसते आणि ओळख पटली की ती थोडीशी नासू लागते. याउलट आपण कोणाची सेवा केली नाही, हे मात्र शोधता येते. त्यासाठी अंतःकरणाच्या तळाशी उतरावे लागत नाही; उंबऱ्याबाहेर पाहावे लागते. आत्मपरीक्षण हवे, पण ते केलेल्या कामाला प्रमाणपत्र देण्यासाठी नको. न केलेल्या कामाचा पत्ता लागावा यासाठी ते हवे.

अर्थात न केलेले दिसत नाही, हीच तर अडचण आहे. केलेल्या चुकीची खूण मागे राहते, टोचणी राहते. न केलेल्याची कोणतीही खूण राहत नाही. ते आपल्या दिवसात घडलेलेच नसते. शिवाय, ते न करण्यामागे पुष्कळदा देवाचेच कारण पुढे केलेले असते. मार्काच्या शुभवर्तमानात 'कुर्बान' या प्रथेचा उल्लेख आहे. एखादी वस्तू किंवा धन देवाला अर्पण केले असे जाहीर करून टाकले, की त्यातून वृद्ध आईबापांना मदत करण्याच्या जबाबदारीतून मुलगा सुटत असे. येशूने या प्रथेवर कडक टीका केली. देवाच्या नावावर टाकलेली वस्तू आईबापांच्या तोंडातला घास काढून घेत होती. शोमरोन्याच्या दाखल्यातले याजक आणि लेवीही जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून जातात. मराठी वाचकाला येथे संत एकनाथांची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. रामेश्वराकडे न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या नाथांनी त्या दिवशी यात्रा पुरी केली की मोडली? कथा सांगणाऱ्या पिढ्यांनी याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी वाट आणि रामेश्वराची वाट यांत या एका ठिकाणी काही अंतर उरत नाही.

आता हा शोध रोजच्या जीवनात कसा घ्यावा? आम्हांला तीन प्रश्न उपयोगी वाटतात.

पहिला प्रश्न असा की आपल्या सेवेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भक्ती आणि त्यांचे औदार्य यांबद्दल दुमत नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९१७ साली मिशनच्या सेवेतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' उभा करण्याचे स्वप्न पाहिले आणि १९१९ साली ते निवर्तले. परंतु १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना हेच आयुष्य स्वयंपाकघराच्या दारातून दिसते. टिळक देऊन टाकत. घरात काय उरले याची चिंता लक्ष्मीबाईंना करावी लागे. पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट त्यांनी सोसली आणि स्वतः विचार करून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी हे सारे हसत सांगितले आहे आणि त्यात पतीवरचे प्रेम ओसंडून वाहते, म्हणूनच ते पुस्तक मराठीत अजरामर झाले. पण त्या हसण्यामुळे प्रश्न मिटत नाही. एका माणसाच्या समर्पणाची किंमत घरातले दुसरे माणूस न विचारता भरत असते. मंडळीच्या सभांना धावणाऱ्या पुरुषाच्या घरी त्याच्या आजारी आईपाशी कोण बसले आहे, आणि त्या बसण्याला कोणी सेवा म्हणते काय, हे पाहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न: ज्याची सेवा केली तो आपला झाला नाही तरी आपण ती केली असती काय? पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न दोन्ही अंगांनी येतो. १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे की इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालणारे काम पाहण्यास पाठवले. अशा स्त्रियांनाही कोणी मायेने जवळ करते हे पाहून त्यांच्या मनात शोध सुरू झाला. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे शारदासदन पुण्यात असताना, तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत या आक्षेपावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. हा वाद आजही वाचकांना दोन बाजूंना उभा करील. तो येथे निकालात काढण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्या वेळी उभा राहिलेला प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती माणसाने आपल्या हातातल्या भाकरीला लावून पाहावा, असे आम्हांला वाटते. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता आणि तो बरा झाल्यावर कोणत्या मंदिरात गेला याची चौकशीही केली नव्हती. रमाबाईंच्या कामाचा जो भाग सर्वांना निर्विवादपणे मान्य व्हावा तो असा, की १८९६–९७ च्या दुष्काळात ज्यांना कोणीच वाली नव्हता अशा मुली त्यांनी मध्य प्रांतातून आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात विणकाम, शेती, छापखान्यातली खिळेजुळणी असे हाताला बळ देणारे शिक्षण दिले. सेवा घेणारा दिवसेंदिवस अधिक ताठ उभा राहतो की अधिक वाकतो, हे पाहिले की सेवेची जात कळते.

तिसरा प्रश्न: कोणी पाहत नसताना आपण काय करतो? सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांना स्वयंपाकघरात काम मिळाले आणि स्वभावतः त्यांना त्या कामाचा तिटकारा होता. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना बर्गंडीला धाडले जाई. व्यवहाराचे डोके नाही, पायाने अधू; होडीत पिंपांवरून लोळत लोळतच त्यांना इकडून तिकडे जावे लागे. हे सारे ते देवाचे काम म्हणून करीत आणि प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत त्यांना फरक वाटेनासा झाला होता. ते १६९१ साली वारले, तोवर त्यांच्या नावावर कोणतीही संस्था नव्हती की कोणतेही पद नव्हते. व्यासपीठावरून होणाऱ्या सेवेला टाळ्या मिळतात, अहवालात जागा मिळते, कधी भिंतीवर संगमरवरी पाटीही मिळते. भांडी घासणाऱ्याला यांतले काही मिळत नाही. अशा कामाचा आपल्या दिवसातला वाटा किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

या सर्व विचारावर एक गंभीर आक्षेप येतो. न केलेल्या गोष्टींना अंतच नाही. जगात भुकेले असंख्य आहेत, आजारी असंख्य आहेत. प्रत्येक न केलेल्याचा हिशेब मागितला तर माणूस एक दिवसही सुखाने झोपणार नाही. अपराधाच्या ओझ्याखाली त्याचे मन मोडेल, आणि मोडलेल्या मनाने कोणाचीच सेवा होत नाही. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. त्याला दोन उत्तरे आहेत. एक असे, की शास्त्र आपल्याला साऱ्या जगाचा हिशेब मागत नाही. लूकाच्या शुभवर्तमानातला श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची गोष्ट पाहावी. श्रीमंताने लाजराला मारले नाही, हाकलले नाही. लाजर त्याच्या दाराशी पडून होता आणि तो रोज त्याच दारातून जात-येत होता. त्याला जाब विचारला जातो तो त्या एका दारापुरता. प्रत्येकाच्या घराला दार असते आणि त्या दाराशी कोण आहे हे मोजता येण्याइतकेच असते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे माणूस सेवा करून क्षमा मिळवीत नाही. क्षमा आधी मिळते आणि सेवा त्यामागून येते. ज्याला आपल्या हिशेबावर तारण अवलंबून आहे असे वाटते, तो नकळत हिशेब बरा दिसेल असा लिहितो. ज्याला आपला स्वीकार आधीच झाला आहे याची खात्री आहे, त्यालाच कोरी पाने उघडून पाहण्याचे धैर्य होते. तेव्हा हा शोध भीतीने घ्यायचा नाही. भीतीने घेतला तर तो परूशाच्या बेरजेकडेच घेऊन जाईल.

या दाराशी कोण कोण असते, याचा विचार आमच्यासारख्या जुन्या घरांनी विशेष करून करावा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शहरात नांदलेल्या कुटुंबांभोवती माणसांचे एक वर्तुळ तयार झालेले असते आणि त्या वर्तुळाची इतकी सवय होते की त्यातली माणसे दिसेनाशी होतात. वीस वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाताला आता सांधेदुखी झाली असेल. तिच्या म्हातारपणाची तजवीज कोणी केली आहे काय? नाताळच्या सकाळी ती किती वाजता कामाला येते? भाडेकरू, कारकून, शिकवणीला येणारे मूल, परगावी गेलेल्या मुलांचे एकटे राहिलेले आईवडील, यांच्यापैकी शेवटचे कोणाशी कामाव्यतिरिक्त बोलणे झाले? ख्रिस्ती घरांना आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. प्रभूच्या मेजाजवळ सर्व समान, असे दर वेळी म्हटले जाते. पण मुलामुलींची लग्ने जुळवताना बाप्तिस्म्यापूर्वीची जात हळूच चाचपली जाते. उघडपणे कोणी कोणाला नाकारत नाही, फक्त बोलणे पुढे जात नाही. हेही न केलेल्यांतलेच आहे. तसेच मंडळीच्या जागेवरून, विश्वस्तपदावरून दावे गुदरले जातात. दोन्ही बाजूंचे लोक देवाच्या मालमत्तेचे रक्षण करीत असल्याचे सांगतात, आणि त्या वर्षांत त्याच मंडळीतल्या एखाद्या विधवेचे घरभाडे थकते. ती कोणत्याच अर्जात नसते.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ला आज आपण वाङ्मयेतिहासातले मराठीतील पहिल्या कादंबरीचे मानाचे पान देतो. त्या पुस्तकाने जे केले ते मुळात एवढेच होते की घराघरांत असूनही न दिसणारी विधवा वाचकाच्या डोळ्यांपुढे आणली. पाहणे हीच सेवेची पहिली पायरी आहे. बाकीचे पुष्कळसे त्यामागून येते. म्हणून रात्रीच्या प्रार्थनेआधी दिवसभरात काय केले याची यादी मनात फिरवण्याऐवजी, आज आपल्या दारातून कोण गेले ज्याच्याकडे आपण पाहिले नाही, एवढे एकच विचारावे. बहुधा एखादे नाव आठवेल. आठवले नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारावे. न केलेले पुष्कळदा दुसऱ्यालाच आधी दिसते. मग दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जावे, जे करणे शक्य असेल ते करावे, आणि ते वहीत मांडून न ठेवता आपल्या कामाला लागावे.